दापोऱ्यात पडलेला बर्फ

दापोरा ही माझी सासुरवाडी. बऱ्हाणपूरहून सायकलीवर सहज जाता येईल इतकी जवळ. लग्नाला आता किती वर्षं झाली, सासरे गेले, मेहुण्याची मुलंसुद्धा मार्गी लागली; तरी पौषातल्या थंडीत त्या गावच्या वाटेला लागलो की माझी मान आपोआप खाली जाते. गावाला कारण ठाऊक आहे, माझ्या घरातही ठाऊक आहे. बाहेर मात्र कुणी त्याचा विषय काढत नाही.

मी शेतकी खात्यात कामदार होतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला कामदार म्हटलं की गिरणी आठवेल. आमच्या जुन्या मध्यप्रांतात शेतकी खात्याचा जो माणूस गावोगाव सायकल दामटायचा, त्याला कामदार म्हणत. बियाणं दाखवायचं, शेणखताचा खड्डा कसा करायचा ते सांगायचं, किडीवर औषध मारून दाखवायचं, आणि लोकांनी ‘बरं बरं’ म्हणून पुन्हा आपलंच केलं की पुढच्या खेपेला तेच नव्यानं सांगायचं. या धंद्यात तुम्हाला किती येतं याला फारशी किंमत नसते. पारावरच्या माणसांनी तुमचं ऐकायचं असं आधी मनात ठरवलेलं असावं लागतं. ते एकदा बिनसलं की तुम्ही सोनं वाटायला आलात तरी लोक म्हणतात, पितळ असेल.

संस्थानं विलीन होत होती ती ही वर्षं. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलत होत्या, जिल्ह्यांच्या हद्दी सरकत होत्या. आमच्या खात्यातही अधूनमधून एखादा नवा माणूस यायचा, काल-परवापर्यंत कुठल्याशा राजाच्या पदरी असलेला. त्यांच्यातल्या एक-दोघांना तर साध्या हेडक्लार्कलाही वाकून मुजरा करायची सवय होती.

दुबेसाहेब असेच आले. पूर्वेकडच्या एका लहान संस्थानात ते बागांचे सुपरिंटेंडंट होते. तिथल्या राजाची दूर पहाडात एक कोठी होती. उन्हाळ्यात राजघराणं तिथं राहायला जाई, आणि उरलेलं वर्ष ती कोठी आणि तिची बाग दुबेसाहेब सांभाळत. हिवाळाभर तिथं बर्फ. संस्थान गेलं, कोठी विकली गेली, आणि साहेबांना शेतकी खात्यात सामावून घेऊन बऱ्हाणपूरच्या सरकारी बागेवर धाडलं. मी त्यांच्या हाताखाली आलो. ‘राज्य विलीन हुआ, साथ में हम भी हो गये,’ असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले आणि आपल्याच बोलण्यावर हसले. स्वतःवर ते असे कधीमधी हसत. दुसऱ्यावर हसताना मी त्यांना पाहिलं नाही.

एका शेठजींची गोष्ट सांगतो. हे शेठजी यात्रेहून येताना पहाडातून सफरचंदाचं रोप घेऊन आले. बऱ्हाणपूरच्या उन्हात सफरचंद! रोप मान टाकायला लागलं तसं त्यांनी बर्फाच्या कारखान्यातून रोज लादी आणून बुंध्याशी ठेवायला सुरुवात केली. सगळ्या बाजारात चेष्टा चालली होती. शेवटी त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेब गुडघे टेकून बसले, बोटांनी माती चाचपली आणि म्हणाले, ‘शेठजी, मुळं कुजतायत. बर्फ नको, सावली द्या.’ शेठजींनी ऐकलं नाही आणि रोप गेलं. ते कळल्यावर, घरात दुःख झालेल्या माणसाला भेटायला जावं तसे साहेब त्यांना भेटायला गेले. मी बरोबर होतो. मला हसू आवरेना म्हणून मी बाहेर पानाच्या ठेल्याशी जाऊन उभा राहिलो. आतून साहेबांचा आवाज येत होता, ‘आपने कोशिश तो की.’

त्यांच्या अंगात पहाडातल्या सवयी मुरलेल्या होत्या. दिवाळी झाली की त्यांचा लोकरी कोट बाहेर निघायचा, मग थंडी असो नसो. सरकारी बागेत फाटकाजवळ मोरपंखीची उंच झाडं होती. साहेबांनी पहिल्याच हिवाळ्यात ती सुतळीनं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत वेढे घालून बांधली. माळी बघत राहिले. साहेब म्हणाले, पहाडात हे झाड न बांधता ठेवलं तर बर्फाच्या वजनानं मधोमध उकलतं, सोललेल्या केळ्यासारखं. ‘इथं कुठं बर्फ पडतो साहेब?’ माळ्यानं विचारलं. ‘नहीं पड़ता,’ साहेब म्हणाले. ‘हाथ मानते नहीं.’

बर्फ आणि पाला यांतला फरक मला त्यांच्याकडूनच कळला. हिंदीत पाला म्हणजे गोठलेलं दव, आमच्याकडचं दहिवर. बर्फ वजनानं झाड मोडतो. तो डोळ्यांना दिसतो, म्हणून माणूस वेळीच काठी घेऊन धावतो. दहिवर दिसेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन कोरडी, असं झालं की जमिनीतली ऊब वर निघून जाते आणि पानाच्या आतलं पाणी गोठतं. केळीचं पान म्हणजे निम्मं पाणीच. त्यावर उपाय इतकाच, की संध्याकाळीच बागेला विहिरीचं पाणी द्यायचं, कारण थंडीत विहिरीचं पाणी कोमट असतं आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते. लहान रोपं गवतानं, पोत्यानं झाकायची. वाऱ्याच्या बाजूच्या बांधावर ओला केरकचरा पेटवून रात्रभर धूर ठेवायचा, म्हणजे बागेवर धुराचं पांघरूण राहतं.

त्या सुमाराला वरून हुकूम आला, की हिवाळ्यात बागेची निगा कशी राखावी याचं पत्रक काढा. साहेबांनी मोठ्या हौसेनं हिंदीत लिहिलं. मी मराठी करायला बसलो. पहिला भाग दहिवराचा होता, तो ठीक. दुसरा सगळा बर्फाचा. मी म्हणालो, ‘साहेब, हा भाग गाळू या का? इकडं कुणी बर्फ पाहिलेला नाही.’

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. ‘कागज पूरे सूबे का है, महाजनजी,’ ते म्हणाले. आणि मग हळूच, ‘मुझे जो आता है, वही तो लिखूँगा.’

पत्रक छापून आलं आणि मी ते गावोगाव वाचत निघालो.

दापोऱ्यात चावडीवर बरीच माणसं जमली होती. जावई वाचतोय म्हणून बायकासुद्धा दारांत उभ्या होत्या. दहिवराचा भाग लोकांनी शांतपणे ऐकला. मग मी पुढचं वाचलं, ‘फांद्यांवर साचलेला बर्फ लांब काठीला केरसुणी बांधून खालून वर हलकेच झटकावा. जोराने मारू नये, गोठलेली फांदी काचेसारखी तुटते.’

मग माझा मेहुणा नामदेव उठला. सुमनचा, म्हणजे माझ्या बायकोचा, हा पाठचा भाऊ. अंगानं धिप्पाड, कामाला वाघ आणि तोंडाचा भारी फटकळ.

‘जिजाजी,’ तो म्हणाला, ‘आमच्या गावात बर्फ येते ते लगनात, अन् तेही सरबतात! त्याले बी केरसुणीनं झटकायचं का?’

सगळी चावडी हसली. आधी ऐकलेलं दहिवराचं त्या हसण्यात वाहून गेलं. त्यानंतर मी दापोऱ्यात थंडीचा ‘थं’ उच्चारला तरी कुणीतरी हवेत केरसुणी फिरवून दाखवायचा. साहेबांचं नाव पडलं ‘बर्फवाले साहेब’.

हे इथंच थांबतं तर लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण त्याच हिवाळ्यात एका सकाळी नामदेव धापा टाकीत माझ्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा असा, की सुमननं आधी ‘बाबा बरे आहेत ना?’ असंच विचारलं.

‘बाबा बरे आहेत. जिजाजी, बागेत पांढरं पांढरं पडलं. साऱ्या केळीवर. साहेबाले घेऊन या, लवकर!’

थंडी होतीच. दहिवर पडलं, असं मला वाटलं. मी तसाच सरकारी बागेकडे धावलो. साहेब अंघोळीला निघाले होते. माझं ऐकलं आणि त्यांचा रंग उडाला. त्यांनी कोट चढवला, कोपऱ्यातली केरसुणी बांधलेली काठी घेतली, सुतळीचा गुंडा घेतला. टांग्यात ते सारखे विचारत होते, बाग उताराला आहे की सपाटीला, झाडं किती महिन्यांची, घड लागलेत का. मी सांगत होतो. माझ्या सासऱ्यांची बाग म्हणून त्यांना जास्तच काळजी वाटत होती, हे मला कळत होतं.

बागेच्या बांधावर सगळं गाव गोळा झालं होतं. माणसं, बाया, कडेवर पोरं. उन्हात केळीची रांगच्या रांग पांढरी दिसत होती. साहेब टांगा थांबायच्या आत उतरले आणि काठी सावरत जवळजवळ धावतच निघाले. मी मागून. दहा-बारा पावलांवर आलो आणि माझ्या लक्षात आलं, की हे उन्हात चमकत नाही, विरघळतही नाही.

तो कापूस होता.

त्या आठवड्यात गावात पिंजारी आला होता. घरोघरच्या रजया उसवून त्यानं कापूस पिंजला होता. नामदेव आणि त्याच्या सोबत्यांनी तो पिंजलेला कापूस पातळ पातळ करून केळीच्या पानांवर अंथरला होता. भल्या पहाटे उठून, मन लावून काम केलं होतं. सासरे त्या दिवशी कामाला जैनाबादला गेले होते, हे बघूनच.

हसण्याचा असा लोट उठला, की बांधावरचे बगळे उडाले. ‘झटका साहेब, झटका! खालून वर!’ कुणीतरी ओरडलं. नामदेव दोन्ही हातांनी केरसुणी पुढं करून कमरेत वाकला. मी जागच्या जागी उभा राहिलो. एका बाजूला माझे साहेब, दुसऱ्या बाजूला माझी माणसं. मला पुढंही जाता येईना आणि मागंही.

साहेब झाडाशी पोचले होते. त्यांनी चिमटीत कापूस घेतला, बोटांनी चुरला. आमच्याकडे त्यांची पाठ होती. मग म्हणाले, ‘बिलकुल ऐसा ही दिखता है.’

त्यांनी काठी उचलली आणि ते पान खालून वर हलकेच झटकलं. कापसाचे पुंजके त्यांच्या कोटावर पडले. ‘देखिए, ऐसे. नीचे से.’ मग दुसरं पान, मग तिसरं. हळूहळू, एक झाड पुरतं मोकळं होईपर्यंत. ते आमच्या थट्टेला थट्टेनं उत्तर देत होते, की खरंच शिकवत होते, की त्या वेळी त्यांना पहाडातली आपली बाग दिसत होती, हे मला आजही सांगता येणार नाही. हसणं एकदम थांबलं नाही. इथं जरा, तिथं जरा असं विरत गेलं. शेवटी एकच माणूस हसत होता, तोही इकडंतिकडं बघून गप्प झाला.

परतताना टांग्यात मी म्हणालो, ‘साहेब, मला खरंच—’

‘आपको मालूम नहीं था. मैं जानता हूँ.’ थोड्या वेळानं कोटावरचा एक पुंजका काढून त्यांनी बोटात धरला. ‘कपास अच्छी है,’ ते म्हणाले. ‘धूल लग गयी होगी. कहिएगा, फिर से धुनवा लें.’ म्हणजे पुन्हा पिंजून घ्या.

सुमनला मी सगळं सांगितलं तेव्हा ती चुलीपुढून उठली. तिनं दराबा केला होता, आमच्या बऱ्हाणपूरची रव्याची मिठाई. त्याचा डबा भरला, साहेबांना नेऊन द्या म्हणाली. मी चपला घातल्या तशी तिनं डबा परत घेतला. ‘कोणत्या तोंडानं देणार?’ म्हणाली आणि डबा फळीवर ठेवून दिला. त्या आठवड्यात तिनं माहेरचं नाव काढलं नाही. सासरे जैनाबादहून परतल्यावर नामदेवला बरंच बोलले असं कानावर आलं. पण गावात थट्टा चढत्या भाजणीनं सांगितली जात होती आणि नामदेव त्या थट्टेचा नवरदेव होता.

मग मकरसंक्रांतीच्या पुढंमागं मावठा झाला. दोन दिवस भुरभुर पाऊस, जमीन वरवर भिजण्याइतकाच, आणि नंतर आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. असीरगढच्या खिंडीतून उत्तरेचा गार वारा दिवसभर वाहत होता, होती ती ओलही त्यानं सुकवली. दुपार कलली आणि तो पडला. साहेब बागेतल्या थर्मामीटरपाशी जाऊन येत, पुन्हा जात. शेवटी त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. ‘आज पाला पड़ेगा,’ म्हणाले, आणि ज्याला त्याला गावं वाटून दिली. दापोरा माझ्याकडे आलं.

‘साहेब, तुम्ही चला,’ मी म्हणालो. ‘तुमच्या शब्दाला—’

‘मुझे देखेंगे तो हँसेंगे. फिर आपकी भी नहीं सुनेंगे. आप उनके अपने हैं.’

दिवस मावळायच्या आधी मी चावडीवर होतो. जीव तोडून सांगितलं. आत्ताच्या आत्ता मोटा जुंपा, पाणी सोडा, उत्तरेच्या बांधावर कचरा रचा, लहान रोपं झाका.

‘निरोप कोनाचा? बर्फवाल्या साहेबाचा?’ एका म्हाताऱ्यानं विचारलं.

‘हो, त्यांचाच.’

नामदेव भिंतीला टेकून उभा होता. ‘आता समजलो,’ तो म्हणाला. ‘आम्ही त्याले दिवसा नाचवलं. तो आम्हाले रातभर नाचवणार.’

‘नामदेव, तो माणूस तसा नाही रे.’

‘मानूस कसाही असो जिजाजी. त्याच्या जागी मी असतो तं हेच केलं असतं. रातभर धूर खात बसू आम्ही, अन् सकाळी तो बूट घालून येईन, बांधावर उभा राहून हसीन.’

त्याचं बोलणं चावडीला पटलं. एक-दोघे खुदकन हसले, पण या खेपेला त्या हसण्यात गंमत नव्हती. फसवणाऱ्याला सगळे आपल्यासारखेच वाटतात. माणसं कांबळी सावरत घरोघर निघून गेली.

मी सासऱ्यांकडे गेलो. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, आणि साहेबांवरही. पण बैल दिवसभर नांगराला होते आणि मोटेला जुंपायचं तर नामदेव हवा. नामदेव बाजेवर पाठ करून पडला होता. म्हातारा एकटाच उठला. आम्ही दोघांनी घराजवळच्या रांगेतली लहान रोपं गवतानं आणि पोत्यांनी झाकली. सासूबाईंनी जनावरांच्या अंगावरची झूलसुद्धा आणून दिली. मग बांधावर ओला पाला-पाचोळा रचून सासऱ्यांनी पेटवला. चांगला दाट धूर धरला होता.

शेजारच्या बांधावरून कुणीतरी ओरडलं, ‘पाटील, होळीले अजून टाइम आहे!’

त्यामागून हसण्याचे आवाज आले. सासऱ्यांनी वर पाहिलं नाही. ते आगीशी उकिडवे बसून होते. पंचायतीत ज्यांचा शब्द खाली पडत नसे असा हा माणूस. थोड्या वेळानं ते उठले, आणि पायानं माती लोटून त्यांनी ती आग विझवली.

‘चला जावईबापू,’ म्हणाले, ‘जेवून घ्या.’

त्यांना किती लाज वाटली असेल ते मला दिसत होतं, आणि मला ते दिसलं आहे हे त्यांना कळू नये म्हणून मी पुढं होऊन चालायला लागलो.

सकाळी बांधावरचं गवत पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं होतं. केळीची पानं ताठ उभी होती, बोट लावलं तर कडकड वाजतील अशी. कुणाला वाटावं, बाग वाचली. मग ऊन आलं. उन्हाबरोबर पानं लुळी पडत गेली, तेलकट दिसायला लागली, आणि दुपारपर्यंत काळी. नदीकडच्या सखल बागा तर साऱ्याच्या साऱ्या. शिजवलेल्या भाजीसारखा वास शिवारभर पसरला होता. घड देठापाशी काळे पडले होते. ज्याचा तो आपापल्या बांधावर उभा होता. कुणी शिव्याही देत नव्हतं. सासऱ्यांनी पोती उचलली. त्यांच्याखाली तेवढी चिमूटभर रोपं हिरवीगार होती, आणि ती बघवेनात.

साहेब आले तेव्हा माणसं घरांच्या आडोशाला सरली. मी त्यांच्याबरोबर चालत होतो आणि आमच्यापुढं गल्ली रिकामी होत होती. त्यांनी बाग पाहिली. एक पान हातात घेऊन ते सोडून दिलं. विहिरीच्या धावेवर, मोटेच्या बैलांच्या उतारावर, नामदेव बसला होता. सासरे, सासूबाई, शेजारचे चार-पाच जण मागं येऊन उभे राहिले. साहेब वळले आणि त्यांनी हात जोडले.

‘गलती मेरी है,’ ते म्हणाले. ‘मैंने बर्फ की बात न की होती, तो आप पाले की बात सुनते.’

हिंदी सगळ्यांना कळत होती. न कळती तर बरं झालं असतं. नामदेव उठला, आणि पुन्हा खाली बसून त्यानं उपरणं तोंडावर ओढलं.

सासरे पुढं आले. त्यांनी साहेबांचे जोडलेले हात धरून खाली केले. ‘साहेब, असं नका म्हनू. आमच्या तोंडात मारली असती तं बरं होतं.’

त्या दिवशी साहेबांनी दापोऱ्याची एकेक बाग पायी फिरून पाहिली. शेतसाऱ्यात सूट मिळण्यासाठी नुकसान जसं होतं तसं पुरतं कळवलं. लोकांना सांगितलं, की काळी पानं आत्ता कापू नका, अजून थंडीच्या रात्री आहेत, तेवढाच खोडाला आडोसा राहील. कंद जिवंत आहे, बाजूनं नवे कोंब, पिलं फुटतील. हे लोकांना ठाऊक होतं. तरी ‘हो साहेब, हो साहेब’ म्हणून प्रत्येकानं ऐकून घेतलं. केरसुणीवाल्या पत्रकाची चेष्टा करणारी तीच माणसं होती.

पिलं फुटली. पण त्या साली बागेतून काही निघणार नव्हतं, म्हणून नामदेव शहरात गिरणीत कामाला लागला. दापोऱ्याहून गिरणीकडे जाणारा सरळ रस्ता आमच्या सरकारी बागेच्या फाटकावरून जातो. संध्याकाळी साहेब फाटकाशी खुर्ची टाकून बसत. नामदेव तो रस्ता सोडून थेट नदीकाठानं मोठा वळसा घालून जायचा. दिवसभर साच्यावर उभं राहून शिणलेला माणूस, पण रोज तो वळसा. मी पाहत होतो. साहेबही पाहत होते, हे मला ठाऊक नव्हतं.

एकदा ते म्हणाले, ‘आपके साले साहब का रास्ता बदल गया है.’

मी मान खाली घातली.

‘उनसे कहिए, सीधे रास्ते से जायें. शाम को मैं फाटक पर नहीं बैठूँगा.’

आणि त्या दिवसापासून त्यांनी खुर्ची आत, पंपाच्या खोलीमागं नेली. तिथं वारा नव्हता, डास होते. मी नामदेवला निरोप सांगितला. त्यानं ऐकून घेतलं, पायातल्या चपलेकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा नदीकाठानंच गेला. साहेबांची खुर्चीही आतच राहिली. दोघंही एकमेकांसाठी रस्ता मोकळा सोडून बसले होते आणि त्या रस्त्यावरून कुणीच जात नव्हतं. मी रोज त्या रिकाम्या फाटकातून ये-जा करायचो. दोघांना समोरासमोर आणावं असं कितीदा मनात आलं. पण तेव्हा मला वाटायचं, की आपण यात पडलो तर दोघांनाही आणखी खाली बघायला लावू.

पुढं राज्यांची पुन्हा मांडणी झाली आणि साहेबांची बदली परत पूर्वेकडे झाली. स्टेशनवर मी, माळी आणि ते सफरचंदवाले शेठजी होतो. दापोऱ्याचं कुणी आलं नाही. गाडी सुटताना साहेबांनी मला एवढंच विचारलं, ‘सब ठीक हैं न वहाँ?’ मी हो म्हणालो. त्यानंतर काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. नामदेवला सांगितलं तेव्हा तो बागेत पाणी भरत होता. त्यानं पाणी तोडलं, हातपाय धुतले, आणि त्या दिवशी पुन्हा बागेत उतरला नाही.

आता शेवटचं सांगतो. साहेबांची बदली झाल्यावर हिवाळ्यात आभाळाकडे बघायचं काम माझ्यावर आलं. त्यांच्याइतकी जाण मला कधी आली नाही. एका साली मावठ्यानंतर तसंच निरभ्र आभाळ, तसाच पडलेला वारा. मी दापोऱ्यात जाऊन सांगितलं, आज दहिवर पडेल. ऐकताक्षणी सगळं गाव उठलं. कुणी एक शब्द विचारला नाही. मोटा चालू झाल्या, बांधाबांधावर धूर उठला, लेकुरवाळ्या बायकांनी घरातल्या गोधड्या आणून रोपांवर टाकल्या. नामदेवनं गिरणी कधीच सोडली होती. तोच सगळ्यांत पुढं होता.

सकाळी पाहतो तो आभाळ ढगाळलेलं, हवा चांगली कोमट. दहिवराचा मागमूस नाही. गवतावर साधं दव. गावातली यच्चयावत माणसं डोळे लाल झालेली, तोंडं काळी, पोरं खोकत होती, गोधड्या चिखलात लडबडलेल्या. माझ्या एका शब्दावर. मी बांधावर उभा राहिलो आणि कुणीतरी आता हवेत केरसुणी फिरवील याची वाट बघू लागलो.

माणसांनी धूर विझवले. बायकांनी गोधड्या गोळा करून नदीवर न्यायला खांद्यावर घेतल्या. माझ्याजवळून जाताना लोक ‘चलतो कामदारसाहेब’ म्हणत होते, अगदी साधं, नेहमीसारखं. नामदेवच्या भुवया काजळीनं माखल्या होत्या. तो माझ्यापाशी आला.

‘जिजाजी,’ म्हणाला, ‘घरी चला, चहा झाला.’

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. एकदा तरी हसावं त्यानं, निदान एकदा, असं मला इतकं वाटत होतं. तो हसला नाही. माझी सायकल हातात धरून तो पुढं चालायला लागला, आणि मी त्याच्या मागून गेलो.